आठ चौकटींचं सोलापूर: पूर्व भागातल्या भिंतीच्या कामाच्या नोंदी

६ ऑक्टोबर २०२४

सोलापूरवरच्या भित्तिचित्रासाठी भिंत ठरली. पूर्व भागातल्या एका शाळेची रस्त्याकडची कुंपणभिंत. लांबी ८० फुटांच्या आसपास, उंची ९ फूट, तोंड पश्चिमेला. मध्ये मध्ये फूटभर रुंदीचे खांब पुढे आलेत, त्यामुळे आठ चौकटी आयत्याच मिळाल्या. समोर यंत्रमागांचे कारखाने, दिवसभर खटखट चालू. सोलापूर कशावर उभं राहिलं ते दाखवायला याहून योग्य रस्ता नाही.

शाळेचं संमतीपत्र आधी लेखी घेतलं. हे कुणीही टाळू नये. महाराष्ट्रात मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधाचा १९९५ चा कायदा आहे. मालकाचा होकार कागदावर नसेल तर चित्र कितीही चांगलं असो, ते विद्रूपणात मोडू शकतं. भिंत रस्त्याला लागून आहे म्हणून महापालिकेकडेही अर्ज दिला. सोबत भिंतीचे फोटो, मोजमापं आणि चित्रात काय असेल त्याचा ढोबळ मजकूर जोडला.

१३ ऑक्टोबर

आज फक्त भिंत तपासली. हात फिरवला की तळवा पांढरा होतो. वर्षानुवर्षं चुन्यावर चुना मारलेला आहे. त्यावर थेट ऑइलबाँड किंवा इमल्शन (डब्यात मिळणारे तयार रंग) मारलं तर रंग भिंतीला धरत नाही, चुन्याला धरतो, आणि चुना सुटला की पापुद्रे निघतात. शेजारच्या गल्लीतल्या एका सुविचारांच्या भिंतीचं तसंच झालंय, अर्धी अक्षरं खाली पडलीत.

दुसरी अडचण ओलीची. पायथ्यापासून दोन-अडीच फुटांपर्यंत लोणा (ओलीबरोबर वर आलेला क्षार) आहे, पाचव्या आणि सहाव्या चौकटीत तर चार फुटांपर्यंत. प्लास्टिकचा चौकोनी तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने हवाबंद लावून काल रात्रभर ठेवला होता. सकाळी इतर ठिकाणी कोरडा, या दोन चौकटींत आतून पाण्याचे थेंब. भिंतीपलीकडे जाऊन पाहिलं तर शाळेची फुलझाडांची पट्टी भिंतीला टेकूनच आहे, आणि मुलं तिला रोज मनापासून पाणी घालतात.

इलाज एकच: माती भिंतीपासून मागे सारायची आणि भिंतीला वाळायला वेळ द्यायचा. ओल आत ठेवून वरून वॉटरप्रूफ रंग मारण्याचा सल्ला दोघातिघांनी दिला, तो आम्ही घेतला नाही. पाणी बाहेर पडायला वाट शोधतंच, आणि जाताना रंग घेऊन जातं.

१६ ऑक्टोबर

काल विधानसभेची आचारसंहिता लागली. भिंतींवर रंग दिसला की आता चौकशी होणार, त्यामुळे परवानगी निवडणुकीनंतरच. मतदान २० नोव्हेंबरला. म्हणजे महिनाभर रंग नाही. गटातल्या मुलांचा विरस झाला, पण माती हटवणं, चुना खरवडणं, गिलावा आणि बैठका यांना कुणाची हरकत नाही. ओली भिंत आणि नवा गिलावा या दोघांनाही हाच वेळ लागतो. त्यामुळे कामाचा क्रमच उलटा केला: आधी चित्र ठरवू आणि मग भिंत करू असा बेत होता, तो सोडून आधी भिंत.

२४ ऑक्टोबर

खरवडणी झाली. तारेचा ब्रश, पत्रा, पाणी. कोरड्या चुन्याची धूळ डोळ्यात-नाकात जाते आणि आग होते, म्हणून आधी भिंत ओली करून घ्यायची. चष्मा आणि मास्क हवेतच. आम्ही उत्साहाने स्वतः सुरू केलं. दोन चौकटींनंतर हात सोलपटले आणि खालचा थर तसाच राहिलेला दिसला, मग मजूर लावले. खरवडायला रंगवण्यापेक्षा जास्त श्रम लागतात हे बजेट करतानाच धरून चालावं.

लोणा लागलेला गिलावा ठोकून पाहिला. भदभद आवाज आला तिथे काढून टाकला, आतली वीट दिसेपर्यंत, आणि नवा केला. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं आहे. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, चार-पाच दिवसांआड येतं, म्हणून शाळेने एक पिंप आम्हाला दिलं. ब्रश धुवायला पुढे तेच कामी येईल. नव्या गिलाव्याला रंगाआधी चार आठवडे द्यायचे. त्यातला क्षार लवकर मारलेल्या रंगाला खातो.

२७ ऑक्टोबर

चित्रात काय घ्यायचं याची बैठक शाळेच्या व्हरांड्यात झाली. मराठी, तेलुगू, कन्नड, दखनी, सगळ्या भाषा एकाच वेळी चालू होत्या. एकाचं बोलणं दुसरा आपल्या भाषेत पुढच्याला सांगत होता.

आमच्या हातात आधीच एक यादी होती: सिद्धेश्वर मंदिर आणि तलाव, भुईकोट किल्ला, चार हुतात्मे, डॉ. द्वारकानाथ कोटणीस, गिरणीची चिमणी, हातमाग, चादर. यादी वाचून झाली तेव्हा मागे बसलेल्या एक आक्का म्हणाल्या, "या सगळ्यात बाई कुठंय?" त्या विडी कामगार. या भागात घरटी एक तरी बाई विड्या वळते किंवा वळत होती. गिरण्या बंद पडल्या तेव्हा कित्येक घरांची चूल विड्यांच्या सुपावर पेटत राहिली. आणि आमच्या यादीत त्या नव्हत्या.

मग अडचण आली ती शाळेची. मुख्याध्यापिका बाईंचं म्हणणं रास्त होतं: शाळेच्या भिंतीवर तंबाखू नको. दोन्ही बाजूंनी बरंच बोलणं झालं. ठरलं ते असं: पेटलेली विडी नाही, धूर नाही, बंडल नाही, कुठलाही मार्का नाही. बाई, तिच्या मांडीवरचं सूप, कापलेली पानं आणि तिचे हात. आक्का म्हणाल्या, "विडी नका दाखवू, आम्हाला दाखवा." शाळेने मान्य केलं.

चार हुतात्म्यांबद्दल वाद नव्हता. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांच्याशिवाय सोलापूरचं चित्र होत नाही. मे १९३० मध्ये या शहरात मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात या चौघांना फाशी दिलं. वाद झाला तो जागेवरून. रस्त्यावरची भिंत आहे, लोक थुंकतात, कोपऱ्यात कचरा पडतो. ज्येष्ठांनी स्पष्ट सांगितलं की हुतात्मे आणि नंदीध्वज (सिद्धेश्वराच्या यात्रेतल्या मानाच्या उंच काठ्या) कोपऱ्याजवळ नकोत आणि कमरेच्या खाली तर नकोतच. म्हणून खालची २ फूट पट्टी गेरूच्या रंगाची ठेवायची, तिच्यावर एकही आकृती नाही. पावसाचे शिंतोडे आणि धूळही तीच पट्टी झेलेल.

१० नोव्हेंबर

दिवाळीनंतर पुन्हा ओल तपासली. सहावी चौकट कोरडी. पाचवीत अजून प्लास्टिकखाली धुरकट वाफ धरते. माती फक्त वीतभर मागे सारली गेली होती, ती पुन्हा उकरून दीड फूट मागे घेतली आणि मध्ये मोकळा चर ठेवला.

स्वयंसेवकांची नावं आली आहेत. आणि इथेच मोठा प्रश्न उभा राहिला. येणाऱ्यांत चित्र काढता येणारे दोघंच, दोघंही कला शिक्षक. बाकी सगळे मुलं, मागावरचे कामगार, विडीवाल्या बाया, एक-दोन रिक्षावाले. या सगळ्यांना नुसतं आकाश भरायला दिलं तर ते त्यांचं चित्र होत नाही. त्यांना ब्रश धरून फोटो काढायला उभं करणं हा तर त्यांचा अपमान आहे. पण आकृत्या हातात दिल्या तर त्या बिघडतात. काय करावं ते सुचत नव्हतं.

१७ नोव्हेंबर

सुचलं, आणि ते आमच्यातल्या कुणाला नाही. या भागात चादरीचे ग्राफ काढण्यात ज्यांचं आयुष्य गेलं असे एक मामा आहेत. आता ते काम संगणकावर गेलंय. आम्ही त्यांच्याकडे जुनी नक्षी मागायला गेलो होतो. त्यांनी पलंगाखालून गुंडाळी काढली आणि फरशीवर पसरली: बारीक घरांचा कागद, एकेक घर शाईने भरलेलं. चार पावलं मागे गेलं की मोर दिसतो, जवळ आलं की नुसती घरं.

मामांनी समजावलं. भरलेलं घर म्हणजे पुठ्ठ्याच्या कार्डाला भोक, भोक म्हणजे जॅकार्डवर (मागावरच्या नक्षीच्या यंत्रावर) तो उभा धागा वर उचलला जाणार. कोरं घर म्हणजे धागा खाली. एका आडव्या धाग्याला एक कार्ड. कार्डं दोऱ्याने शिवून त्यांची माळ करायची आणि ती मागावर फिरत राहते. "चादर विणणाऱ्याला मोर काढता यावा लागत नाही," मामा म्हणाले. "घर चुकलं नाही की मोर येतोच."

आमच्या प्रश्नाचं उत्तर तेच होतं. चित्राच्या वर आणि खाली दीड-दीड फुटाची चादरीच्या नक्षीची पट्टी, २ इंची घरांची, म्हणजे उभी ९ घरं. पट्ट्यांमध्ये ४ फुटांची आकृत्यांची जागा. पट्ट्या सगळ्यांनी भरायच्या. ज्याला चित्र येत नाही त्याचंही घर बरोबर बसेल आणि नक्षी खरी सोलापुरी होईल.

मामांनी लगेच चौकटीची रुंदी विचारली. खांब सोडून ९ फूट, म्हणजे ५४ घरं. त्यांची जुनी नक्षी २४ घरांची होती, ती दोनदा बसून सहा घरं उरतात आणि खांबाशी मोर अर्धा कापला जातो. त्यांनी तिथेच पेन्सिलने १८ घरांची नवी नक्षी बसवली: १८ तिरकं ५४, प्रत्येक चौकटीत तीन पूर्ण मोर. दोन पट्ट्यांचा हिशेब केला तर ७,७७६ घरं होतात.

सोलापुरी चादर उलटली की नक्षीचे रंग उलटे होतात. ते त्यांनी भिंतीवरही आणायला लावलं. वरच्या पट्टीत पांढऱ्यावर मरून मोर, खालच्या पट्टीत मरूनवर पांढरा.

२४ नोव्हेंबर

गेल्या गुरुवारी-शुक्रवारी प्राइमर मारून झाला होता. एक्स्टिरियर ॲक्रिलिक प्राइमर, म्हणजे रंगाआधीचं अस्तर, दोन हात. खरवडलेल्या भिंतीने डब्यावर लिहिलेल्या हिशेबापेक्षा बराच जास्त प्यायला. लिटरला १०० चौरस फूट धरले होते, पहिल्या हाताला जेमतेम ७० झाले. वरचा डबा उधारीवर आणला.

काल निकाल लागले. आज सकाळी तिसऱ्या-चौथ्या चौकटीवर अभिनंदनाचे कागद चिकटलेले. खळ घट्ट होती. ओढून काढायला गेलो तर नवा प्राइमरही सोबत आला. कोमट पाण्याने भिजवून, अर्धा तास थांबून, स्पंजने काढले तेव्हा निघाले. त्या जागी पुन्हा प्राइमर. कागद लावणारी मुलं याच गल्लीतली होती. त्यांना बोलावून भिंत कशासाठी आहे ते सांगितलं आणि पुढच्या रविवारी या म्हटलं.

यावरून एक शिकलो: प्राइमर मारून पांढरी भिंत तशीच मोकळी सोडू नये. त्याच दिवशी रेघा तरी आखाव्यात, म्हणजे काम चालू आहे हे लोकांना कळतं.

१ डिसेंबर

आखणीचा सगळा दिवस वाया गेला. खालची पट्टी जमिनीपासून २ फुटांवर मोजत गेलो, निळीत बुडवलेल्या दोरीने सूत मारलं. चौथ्या चौकटीत येईपर्यंत घरं तिरकी दिसू लागली. रस्ता उत्तरेकडे उतरता आहे, ८० फुटांत जवळजवळ ७ इंचांचा उतार. डोळ्याला कधी जाणवला नव्हता. भिंतीचा माथा मात्र सरळ आहे.

गवंड्याने पाण्याची पारदर्शक नळी आणली. दोन टोकांना दोघं, पाणी स्थिरावलं की खूण. सगळ्या रेघा माथ्याकडून खाली मोजल्या. उताराचा फरक गेरूच्या पट्टीत जिरवला: एका टोकाला ती २ फूट, दुसऱ्या टोकाला २ फूट ७ इंच. कुणालाही दिसत नाही. नीळ ओल्या फडक्याने पुसली जाते, पण डाग राहतो आणि पांढऱ्या रंगातून वर येतो. दुसऱ्या खेपेला साधी खडूची पूड वापरली.

सातवी चौकट दोन इंच कमी भरली, ८ फूट १० इंच. म्हणजे एक घर कमी. मामांनी दोन मोरांमधली एक कोरी उभी ओळ काढून टाकली. नक्षीला काही झालं नाही. कुठली ओळ काढायची हे त्यांनाच कळणार होतं.

८ डिसेंबर

घरं भरायचा पहिला रविवार. गर्दी चांगली, काम वाईट. घरांत आकडे लिहिले होते, १ म्हणजे मरून, २ म्हणजे पांढरा, ३ मोरपिशी, ४ पिवळा. लहान मुलांनी १ आणि ४ उलटे वाचले. काही बायांनी आकडे वाचता येत नाहीत असं न सांगता शेजारच्याचं पाहून भरलं. ओळच्या ओळ चुकली. शिवाय चारही रंग एकदम उघडल्यामुळे ब्रश एका डब्यातून दुसऱ्यात गेले आणि पिवळा रंग मातकट झाला.

मास्किंग टेप लावून कडा धरायचा प्रयत्नही केला. खरबरीत गिलाव्यावर टेपखालून रंग शिरतो. टेपच्या कडेवर आधी खालचाच रंग एक हात मारला तर फट बुजते आणि कड स्वच्छ येते, पण हजारो घरांना हे करणं शक्य नाही.

संध्याकाळी मामा आले, बघितलं, म्हणाले, "माग एका वेळी एकच आडवा धागा टाकतो."

१५ डिसेंबर

सगळं बदललं. आकडे नाहीत. शनिवारीच प्रत्येक घराच्या मधोमध त्याच रंगाचा ठिपका दिला. एका वेळी एकच डबा उघडा: आज फक्त मरून. प्रत्येकाला अर्ध्या इंचाचा चपटा ब्रश आणि आपली एक आडवी ओळ. चौकटीच्या डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत ती त्याचीच. घराच्या चारही बाजूंना केसाएवढी फट सोडायची, रेघेला रेघ भिडवायची नाही. ती फट लांबून विणीसारखी दिसते आणि हात हलला तरी चूक झाकली जाते.

सकाळी सात ते अकरा हीच कामाची वेळ. भिंत पश्चिमेला असल्यामुळे दुपारनंतर तापते, ब्रश उचलायच्या आत रंग वाळतो आणि जोड दिसतात. डिसेंबरमध्येही. ज्यांची भिंत पूर्वेकडे असेल त्यांनी उलट करावं.

अकराला सगळे रस्त्याच्या पलीकडे गेले आणि पहिल्या तीन चौकटींत मोर उभे होते. कागद चिकटवणाऱ्या मुलांपैकी दोघं आज होती. एकाने आपली ओळ संपवून शेजारच्या आजोबांची ओळही पुरी केली, कारण त्यांना वर हात पुरत नव्हता.

२२ डिसेंबर

आकृत्यांचं काम जोरात. कला शिक्षकांनी रात्री प्रोजेक्टर लावून बघितला होता, पण समोरच्या कारखान्याचे दिवे आणि अरुंद रस्ता यांमुळे चित्र फिकं आणि वाकडं पडलं. मशीन परत केलं, एका रात्रीचं भाडं गेलं. मग इथेही घरंच आखली, फूटभराची. मूळ चित्रावर दीड इंचाची.

विडी कामगाराची चौकट आज तीन वेळा बदलली. पहिल्या आखणीत बाईचे हात पूजेला बसल्यासारखे मांडीवर ठेवले होते. आक्का घरून सूप घेऊन आल्या आणि फुटपाथवर बसल्या. पान रात्री भिजवून नरम केलेलं, पत्र्याच्या मापावर ठेवून कात्रीने कापलेलं. डाव्या हाताच्या बोटांवर पान, उजव्या हाताने चिमूट, मग दोन्ही अंगठे पुढे सरकतात आणि पान वळलं जातं, दोरा, तोंड मिटायचं. बघेपर्यंत झालं. शिक्षकांनी त्यांना तेच पुन्हा पुन्हा, हळू करायला लावलं आणि अंगठ्यांची रेघ भिंतीवर घेतली. त्यांच्या अंगठ्याचं नख एका बाजूने झिजलंय. तेही घेतलं. चौकटीत आता चेहऱ्यापेक्षा हात मोठे आहेत, आणि येणारी प्रत्येक बाई आधी त्या हातांकडे बघते.

२९ डिसेंबर

हुतात्म्यांचे चेहरे पहिल्यांदा साधले नाहीत. घाईत रंगवल्यामुळे चौघं भाऊ-भाऊ दिसू लागले. एका वृद्ध काकांनी तिथेच सांगितलं, "नावं झाकली तर कोण कुणाचं कळत नाही." ते खरं होतं. पांढरा मारून सगळं पुसलं. हुतात्मा चौकातल्या चारही पुतळ्यांचे समोरून आणि बाजूने फोटो काढले, छापील छायाचित्रांच्या मोठ्या झेरॉक्स काढल्या, एकेक इंचाची घरं आखली आणि एका चेहऱ्याला एक पूर्ण सकाळ दिली. दोनच रंग: करडा आणि पांढरा. रंगीत त्वचेच्या छटा भिंतीवर सर्वात आधी बिघडतात, आणि बिघडलेला चेहरा त्या माणसाचा अवमान वाटतो. इथे वेळ वाचवू नये.

डॉ. कोटणिसांची चौकट त्या मानाने सरळ गेली. सोलापुरात १९१० साली जन्मलेला हा डॉक्टर १९३८ मध्ये युद्धग्रस्त चीनला गेला आणि १९४२ मध्ये तिथेच वारला. मुलांनी सुचवलं की त्यांच्या पाठीमागे बर्फाचा डोंगर आणि पायाशी सोलापूरची काळी माती असू द्या. तसंच केलं.

५ जानेवारी २०२५

नंदीध्वज ४ फुटांत मावेना. गड्ड्याच्या यात्रेतली ती उंच काठी आखूड केली तर तिचा मान जातो. शेवटी सातही नंदीध्वज वरच्या नक्षीची पट्टी छेदून भिंतीच्या माथ्यापर्यंत नेले. मामांना नक्षी मोडलेली चालेल का, ही धास्ती होती. ते म्हणाले, "देवाला वाट द्यायलाच पाहिजे."

खांबांवर 'सोलापूर' चार भाषांच्या लिप्यांत लिहिलं: मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू. प्रत्येक लिपी त्या-त्या भाषेच्या शिक्षकाने आधी कागदावर लिहून सही करून दिली. अक्षरं नुसती बघून उतरवणाऱ्याकडून एक कानाही कमी-जास्त होऊ शकतो, आणि तो चुकलेला काना सर्वांत आधी दिसतो.

१२ जानेवारी

आज हुतात्मा दिन. भिंत पुरी करून आज खुली करायचा बेत होता. आठवी चौकट अजून अर्धी आहे. ती मुलांची, आजच्या सोलापूरची. घाईने भरली नाही. चार चेहऱ्यांसमोर फुलं वाहिली, नावं वाचली आणि पुन्हा ब्रश हातात घेतले.

खर्चाचा आजवरचा हिशेब, ढोबळ आकड्यांत: खरवडणी आणि गिलावा मजुरीसह साडेबारा हजार, प्राइमर साडेचार हजार, पांढरं इमल्शन सहा हजार, रंगीत डबे आठ हजार, ब्रश-रोलर-टेप-दोरी अडीच हजार, झेरॉक्स, चहा, प्रोजेक्टरचं भाडं मिळून दोन हजार. म्हणजे पस्तीस हजारांच्या आसपास. त्यातला तिसरा हिस्सा भिंतच खाऊन गेली, आणि तोच सर्वात योग्य खर्च होता. पैसे दहा-वीस-पन्नास रुपयांनी जमले. मोठी रक्कम देतो पण दुकानाचं नाव टाका, अशा दोन मागण्या आल्या होत्या. गटाने नकार दिला.

२६ जानेवारी

आठवी चौकट झाली. मुलांनी तलावाचा काठ, कडक भाकरी-शेंगाचटणीचं ताट, यंत्रमाग, आणि पाण्याच्या रांगेतल्या घागरी काढल्या. घागरी काढू नका असं काहीजण म्हणाले. मुलं म्हणाली, त्यासुद्धा सोलापूरच आहेत. राहिल्या.

वरून पारदर्शक वॉर्निश मारायचं की नाही यावर मतं वेगळी होती. खांबाच्या एका बाजूला नमुना मारून ठेवला होता. दुपारच्या उन्हात तो इतका चमकतो की चित्र दिसत नाही, आणि पाचव्या चौकटीजवळ, जिथे किंचित ओल शिल्लक आहे, तिथे दुधाळ झाला. वॉर्निश रद्द. चांगलं एक्स्टिरियर इमल्शन स्वतःच टिकतं, आणि नुसत्या रंगावर पुढे डागडुजी करता येते. वॉर्निश केलेल्या भागावर तेवढाच तुकडा रंगवला की ठिगळ दिसतं.

१ जून

उन्हाळा गेला आणि यंदा पाऊस मे महिन्यातच कोसळला. भिंतीची पाहणी केली.

मोर, हात, चेहरे जसेच्या तसे. गेरूची पट्टी चिखलाने माखली होती, पाण्याने धुतली, स्वच्छ. पाचव्या चौकटीत खाली वीतभर लोणा पुन्हा दिसतोय, पण गेरूच्या पट्टीतच, वर चढलेला नाही. तेवढी कोरड्या ब्रशने झाडून ठेवली, पाण्याने धुतली नाही, कारण क्षार पुन्हा आत जातो.

दोन ठिकाणी रंग उडालाय. पहिला, दुसऱ्या चौकटीतल्या किल्ल्यामागचा पिवळा. हा डबा स्वस्तात मिळालेल्या, परत आलेल्या रंगांतला होता. लेबल फाटलेलं, आतल्या भिंतींचा रंग निघाला. हात लावला की पूड येते. दुसरा, तिसऱ्या-चौथ्या चौकटींतल्या वरच्या पट्टीचा मरून. तो कमी पडला तेव्हा पांढऱ्या इमल्शनमध्ये स्टेनर (छटेसाठी मिसळायचा घट्ट रंग) ओतून बनवला होता, नको तितका. स्टेनर जास्त झालं की रंग नीट बांधला जात नाही, आणि तो लाल उन्हात टिकत नाही. शेजारचा दुकानात मशीनवर मिसळून आणलेला मरून पक्का आहे. नव्याने करणाऱ्यांनी मोठ्या जागेसाठी रेड ऑक्साइड, यलो ऑक्साइड असे मातीचे रंग घ्यावेत, झळाळी कमी पण ऊन सोसतात. आणि एक रंग लागेल तेवढा एकाच वेळी मिसळून आणावा.

दोन्ही पट्ट्या दिवाळीनंतर पुन्हा भरायच्या आहेत. मामांचा १८ घरांचा ग्राफ लॅमिनेट करून शाळेच्या कपाटात ठेवलाय, मागच्या बाजूला मशीनच्या रंगांचे क्रमांक आणि सातव्या चौकटीत कुठली ओळ गाळली त्याची खूण आहे. ओळींची वाटणी याच आठवड्यात सुरू झाली. तिसऱ्या चौकटीच्या सगळ्या ओळी आक्का आणि त्यांच्या शेजारणींनी घेतल्या आहेत, चौथ्या चौकटीच्या चार अजून मोकळ्या आहेत.